पाहुण्याचा कप

त्या स्पॅनिश माणसाचा एकही सिनेमा मला आजवर धड कळलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणी मला जाणकार समजायचं. मी गाड्यांच्या ब्रेकवर एकतीस वर्षं काम केलेला माणूस. ब्रेक दाबला की गाडी थांबली पाहिजे, आणि नाही थांबली तर का नाही थांबली ते सांगता आलं पाहिजे. आणि या गृहस्थाच्या सिनेमात बेडरूमचं दार उघडलं की पलीकडे समुद्र, आणि समुद्राकाठी एक न्हावी शांतपणे मेंढीची दाढी करतोय. का? तर का नाही! हे माझ्या बायकोचं उत्तर. वेड तिचं. मी आपला लॅपटॉपला वायर जोडून देणारा.

पण त्याच्या एका सिनेमाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण गेल्या वर्षापासून त्या सिनेमाने माझी झोप उडवली आहे. जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. एक सभ्य वकील संध्याकाळी घरी येतो. दाराला किल्ली त्याचीच लागते. बायको पुढे येते, हसून त्याची हॅट घेते, म्हणते, बसा ना. आणि त्याला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवते. तिला तो कोण हे माहीतच नाही. आणि हा बाबा इतका सभ्य, की मी तुझा नवरा आहे हे काही त्याच्या तोंडून फुटत नाही. सूप छान झालंय म्हणतो. मुलं त्याला कविता म्हणून दाखवतात, तो टाळ्या वाजवतो. मग आभार मानतो, हॅट घेतो आणि जिना उतरून जातो. खाली रस्त्यावर उभा राहून आपल्याच घराच्या खिडकीकडे बघतो. संपला सिनेमा.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. "अरे गाढवा, बोल की!" असं टीव्हीवर ओरडलोही होतो. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा हो जरा." मी म्हटलं, "असा कुठे नवरा असतो का?" तर म्हणे, "तुम्ही बघालच."

हे असं नंतर आठवतं माणसाला. तेव्हा ती चेष्टेत बोलली होती.

तिला हे वेड नागपूरला कॉलेजात असताना लागलं, फिल्म सोसायटीत. इथे मिशिगनला आल्यावर तिने त्या माणसासाठी स्पॅनिश शिकून घेतलं. मुलगी शाळेत गेली की ही कम्युनिटी कॉलेजात. पुढे नोव्हाय या आमच्या गावातल्या मराठी मंडळाला ती दर हिवाळ्यात त्याचा एक सिनेमा दाखवायची आणि त्यावर बोलायची. त्याची सगळी जन्मकुंडली तिला पाठ. कोरड्या ठणठणीत गावात श्रीमंत बापाच्या पोटी जन्म, पाद्र्यांच्या कडक शाळेत बालपण, मग राजधानीत कवी आणि चित्रकारांच्या टोळक्यात धिंगाणा. मग देशात आपसांतली लढाई पेटली आणि हा बाहेर पडला, तो बाहेरच राहिला. परक्या देशात, परक्या भाषेत सिनेमे काढत म्हातारा झाला.

"आपल्यासारखाच," ती म्हणायची.

"आपल्यासारखा कसला डोंबलाचा! त्याला हाकललं होतं. आपण विमानात बसून हसत हसत आलो."

"परत न जाणं सारखंच असतं."

यावर मी बर्फ काढायला बाहेर जात असे.

त्या दिग्दर्शकाची एक सवय तिने आमच्या घरात आणली होती. तो म्हणे सकाळी उठला की लेखक-सोबत्याला आधी रात्रीचं स्वप्न सांगायचा आणि मगच कॉफीला हात लावायचा. स्वप्न सांगून झाल्याशिवाय दुसरं अक्षर बोलायचं नाही. आमच्याकडे कॉफीच्या जागी चहा आला, बाकी नियम तोच. मला स्वप्नं पडत नाहीत. पडलीच तर मीटिंगची पडतात. त्यामुळे ती सांगायची आणि मी माझ्या कंपनीच्या कान तुटलेल्या मगातून चहा पीत ऐकायचो. तिची स्वप्नं मात्र एकेक भन्नाट. एकदा आमच्या फ्रीजमध्ये तिला तिचे गणिताचे मास्तर सापडले होते, थंडीने कुडकुडत, हातात खडू.

मागच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी ती म्हणाली, "काल स्वप्नात एक मुलगी आली होती. निळ्या गाडीतून. तिने आपल्या फ्रीजमध्ये भाज्यांचे डबे रचून ठेवले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली, आणि जाताना मला मिठी मारून 'मॉम' म्हणाली. गोड होती पोरगी."

 पण आमची मुलगी आदल्या दिवशी दुपारी शिकागोहून खरंच येऊन गेली होती. निळी गाडी तिचीच. मी उठून फ्रीज उघडला. डबे होते. भेंडी, दुधी, राजमा, सगळ्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या.

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"दूध," मी म्हणालो आणि दार लावून टाकलं.

मी घाबरलो होतो. आजवर आयुष्यात मी कशाकशाला घाबरलो, नोकरी जाण्याला, हायवेवरच्या काळ्या बर्फाला, माझ्या स्वतःच्या बायपासला, पण त्या सकाळची भीती निराळीच होती. ती कोणाला सांगताही येईना. सांगितलं तर खरी होईल असं वाटत होतं. आमच्यात कोणाला कॅन्सर झाला तर दुसऱ्या दिवशी दहा घरांतून डबे येतात. पण असं काही म्हटलं की लोक आवाज खाली करतात आणि पुढच्या गेट-टुगेदरला त्या बाईशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतात. ते मला नको होतं. तिला तर मुळीच चाललं नसतं.

शेवटी मुलीनेच फोनवरून ओळखलं आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. "बाबा, इट्स जस्ट अ चेकअप. रिलॅक्स." रिलॅक्स म्हणे! मी तीन रात्री छताकडे बघत काढल्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या, मृदू आवाजाच्या. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. तिला तीन आठवले. घड्याळ काढायला सांगितलं, तर काटे जरा भलतीकडे गेले. पण ती हसून इंग्रजीत म्हणाली की माझ्या दिग्दर्शकाच्या सिनेमात घड्याळं अशीच असतात. डॉक्टरही हसल्या. मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"माय हजबंड," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

"आणि त्यांचं नाव काय?"

 तिने खाली बघितलं, स्वेटरची बाही बोटाला गुंडाळली आणि ओठांतल्या ओठांत हसली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी बायको माझं नाव घेत नाही. तिच्या वयाच्या नोव्हायमधल्या सगळ्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात, चारचौघांत ओरडतातसुद्धा. आणि ही, जी मंगळसूत्र घालत नाही, जी मेंढीची दाढी करणाऱ्या न्हाव्यावर तासभर बोलते, ती मला जन्मभर 'अहो' म्हणत आली. मी चिडवायचो, "क्रांतिकारक बाई, घ्या की नाव!" ती म्हणायची, "नाही हो जमत. नाव घेतलं की मी कोणा तिसऱ्याबद्दल बोलतेय असं वाटतं." फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायची. तेही दर वर्षी नवा उखाणा जुळवून. म्हणजे माझं नाव मी तिच्या तोंडून वर्षातून एकदा ऐकत आलो. लहान मुलासारखी वाट बघायचो त्याची, आता कबूल करायला काय जातं.

तर ती गप्प होती, डॉक्टर पेन धरून थांबल्या होत्या, आणि मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, डॉक्टर, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आदर म्हणून. ही आमची पद्धत आहे.

"ओह, दॅट्स ब्यूटिफुल," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

शेवटी त्या म्हणाल्या की थोडं विसरणं दिसतंय, पण घरच्या माणसांची ओळख पक्की आहे, हे चांगलं लक्षण. सहा महिन्यांनी परत या. मध्ये काही वाटलं तर फोन करा. मी त्यांचे इतके आभार मानले की ती मला म्हणाली, "पुरे आता, चला."

गाडीत आम्ही दोघंच होतो. सिग्नलला तीन मिनिटं उभे होतो. विचारता आलं असतं, काय गं, माझं नाव काय? चेष्टेत विचारता आलं असतं. मी रेडिओ लावला. मला उत्तर नको होतं.

पुढचे महिने मी स्वतःची समजूत घालण्यात काढले. तिचं बहुतेक सगळं ठीक चाललं होतं. पोळ्या पूर्वीसारख्याच मऊ, पुस्तक हातात, माझ्यावर खेकसणंही शाबूत. पण ऑक्टोबरात एकदा माझ्या नावाचं पाकीट तिने मेलबॉक्समधून आणून मला दिलं आणि म्हणाली, "हे कोणाचं तरी आपल्याकडे आलंय. परत देऊन टाका." मी पाकीट हातात घेऊन उभा. मग मीच म्हणालो, खरंच की, हा पोस्टमन हल्ली काहीही टाकतो! शेजाऱ्यांची पत्रं येतातच ना आमच्याकडे? येतात. असं मी स्वतःला पंधरा वेळा सांगितलं. सहा महिन्यांची अपॉइंटमेंट आली, तीही मीच पुढे ढकलली. बर्फाचं कारण सांगितलं. त्या दिवशी बर्फ नव्हता.

मग जानेवारी आला. मंडळाच्या ज्येष्ठांचा संक्रांतीचा कार्यक्रम, शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये. आधी तिचं व्याख्यान, मग तिळगूळ आणि हळदीकुंकू. माझा जीव टांगणीला लागला. चारचौघांत ती मध्येच अडकली तर? मी कार्यक्रम ठरवणाऱ्या काकूंना गुपचूप फोन लावला, "यंदा कॅन्सल करू या का? तिला सर्दी झालीये." तेवढ्यात ती मागे येऊन उभी.

"कसली सर्दी? कोणाला सर्दी?" आणि फोन माझ्या हातातून काढून घेत, "काही नाही हो, मी येतेय. यांना उगाच काहीतरी सुचतं."

मग मी तिच्या टिपणांची कॉपी काढून खिशात ठेवली. ती अडलीच तर पहिल्या रांगेतून पुढचा शब्द सांगू, असा माझा बेत.

गरजच पडली नाही. चाळीस मिनिटं ती कागदाकडे न बघता बोलली. कोरडं गाव, पाद्र्यांची शाळा, परदेशातली भाड्याची घरं, सगळं. कोणत्या सिनेमात खरी खेचरं वापरली, कुठल्या दृश्याला पैसे संपले म्हणून पडदाच पाडला, एकही गोष्ट चुकली नाही. शेवटी तिने तो पाहुण्याचा सिनेमा दाखवला. मला तिचा असा अभिमान वाटत होता की काय सांगू. मनात म्हटलं, बघ, मूर्खा, उगाच घाबरत होतास.

एका काकांनी विचारलं, "वहिनी, पण तो माणूस सरळ सांगत का नाही, की मी नवरा आहे म्हणून?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं आणि तिला पटलं नसतं तर? आता निदान पाहुणा तरी आहे. चांगल्या कपात चहा मिळतोय."

सगळे हसले. मग तिळगूळ वाटला गेला, कुंकू लावून झालं, आणि बायकांनी कालवा केला, "उखाणा! उखाणा! यांच्या उखाण्याशिवाय संक्रांत नाही!"

ती लाजत उभी राहिली. मी पुढे सरकून बसलो. वर्षातून एकदाच येणारी वेळ. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला डॉक्टरांचा तो प्रश्न आठवला. ती ठसक्यात म्हणाली:

"नोव्हायच्या अंगणात बर्फाची रांगोळी,
तिळाच्या गोडीने भरली माझी झोळी,
सिनेमाच्या पडद्यावर उजेड झिरपतो छान,"

आणि शेवटच्या ओळीत नाव घेतलं. त्या दिग्दर्शकाचं. आडनावापुढे 'राव' लावून. "…रावांचं नाव घेते, राखून संक्रांतीचा मान."

हॉल कोसळला. लोक टाळ्या पिटत होते, एका काकूंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "वहिनी, जिंकलंत! एकदम सररिअल!" कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय साहेब, पत्ता कट!"

मी तिच्याकडे बघत होतो. ती लगेच हसली नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, काय झालं म्हणून. मग सगळे हसताहेत म्हणून हसली.  आणि मी काय केलं? मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ती थकली होती. सरळ स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत कोट न काढता सोफ्यावर बसलो आणि क्लिनिकला फोन लावला. शनिवार, त्यामुळे रेकॉर्डिंग लागलं, निरोप ठेवा म्हणून.  मी इंग्रजीत सांगितलं की मागच्या वेळी तुम्ही माझ्या बायकोला नवऱ्याचं नाव विचारलंत, तेव्हा मी मध्ये बोललो. पद्धत आहे म्हणालो. पद्धत आहे, पण ते उत्तर माझं होतं, तिचं नव्हतं. तिला नाव येत नाही. तो प्रश्न चुकला म्हणून धरा. मग माझं नाव सांगितलं, आणि अमेरिकेतल्या चाळीस वर्षांच्या सवयीने एकेक अक्षर सुटं करून स्पेलिंगही सांगितलं. म्हणालो, माझी बायको आजारी आहे, प्लीज लवकर फोन करा.

फोन ठेवून मान वर केली तर ती दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. माझं नाव, अक्षर न् अक्षर. तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती, अनोळखी माणसाबद्दल वाटते तशी.

तिच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये सोनेरी काठाची कपबशी, कपाटातल्या वरच्या फळीवरची, पाहुणे आले की काढतो ती. बशीत दोन तिळाच्या वड्या. माझा कान तुटलेला मग तिच्यामागे ओट्यावर मला दिसत होता.

"घ्या ना," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मी ऐकत नव्हते हो, पण कानावर पडलं. घरी कोणी आजारी आहे का?"

"हो," मी म्हणालो. "बायको."

"अगंबाई!" तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसली. "मग तुम्ही इथे काय करताय? जा ना तिच्याजवळ. एकटी घाबरली असेल ती."

बोल की गाढवा, मी मनात म्हणत होतो. बोल! माझं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती, आणि सांगितलं आणि पटलं नाही तर पुढे काय?

"चहा घेऊन निघतो," मी म्हणालो.

"सावकाश घ्या," ती म्हणाली. "साखर बरोबर आहे ना?"

साखर बरोबर होती. माझा अर्धाच चमचा असतो, तेवढीच. मी तो चहा घोट घोट करत, थांबून थांबून प्यायलो. कप रिकामा झाला तेव्हा ती घ्यायला पुढे आली, आणि मी तिच्याकडे आणखी अर्धा कप मागितला.